खोली कोणाच्या नांवावर?

वारणाकांठच्या खेड्यांत मुलीला मुंबईचें स्थळ आलें म्हणजे एक प्रश्न पूर्वीं हमखास विचारला जात असे, व तो अद्यापि विचारला जातो. मुलगा किती शिकला, कोठें कामाला आहे, पगार काय, हें सारें बोलून झाल्यावर मुलीकडचे एखादे वडीलधारे गृहस्थ घसा खाकरून म्हणतात, "बरें, खोली कोणाच्या नांवावर?" प्रश्न दिसावयास साधा, परंतु त्याच्या उत्तरांत मुलीच्या उभ्या आयुष्याचा हिशेब असतो. खोली स्वतःची कीं भाड्याची, भाड्याची असल्यास पावती मुलाच्या बापाच्या नांवें फाटते कीं चुलत्याच्या, पागडी कोणीं भरली, आणि थोरला भाऊ उद्यां गांवाकडून बायकापोरें घेऊन आला तर धाकट्यानें कोठें जावयाचें, इतके पोटप्रश्न त्या एका प्रश्नांत दडलेले असतात. शिराळा तालुक्यांतील कोणत्याही घरीं ते समजावून सांगावे लागत नाहींत. मराठी वाङ्मयास मात्र हा प्रश्न नीटसा उमगला आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तेवढ्याचसाठीं हा लेख.

मुंबईच्या खोलीवर मराठींत थोडें लिहिलें गेलें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. चाळ हा तर आमच्या विनोदाचा, नाटकाचा आणि अश्रूंचा कायमचा रंगमंच होऊन बसला आहे. सामाईक नळ, लांबलचक गॅलरी, जिन्याखालचा अंधार, गणपति, बारशीं, भांडणें आणि भांडणानंतरची उसनी साखर यांचीं वर्णनें इतकीं झालीं आहेत कीं, ज्यानें चाळीचा जिना कधीं चढला नाहीं अशा वाचकासही तिचा वास ओळखीचा वाटावा. परंतु ह्या सगळ्या पसाऱ्यांत भाडें कोठें आहे? पगारांतला कितवा हिस्सा खोलीस जातो, तो कोणाच्या हातांत पडतो, तो न दिल्यास काय होतें, हें आमच्या कथाकादंबऱ्यांतून शोधावयास गेलें असतां हातीं फारच थोडें लागतें. ज्या वस्तूवांचून चाळींतील एकही दिवस जात नव्हता, तीच नेमकी वाङ्मयांतून गळावी, ह्यास कांहीं कारण असलें पाहिजे.

तें कारण आमच्या मतें कायद्याच्या पुस्तकांत सांपडतें. १९५८ सालीं प्रसिद्ध झालेलें पु. ल. देशपांडे यांचें ‘बटाट्याची चाळ’ हें पुस्तक घ्या. त्याची योग्यता आम्ही नव्यानें सांगावयाची गरज नाहीं. मराठी मध्यमवर्गानें स्वतःवर इतकें मोकळें हंसावें, असें त्यापूर्वीं क्वचितच घडलें होतें. त्यांतील ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हें प्रकरण आमच्या मुद्द्यास विशेष उपयोगी आहे. भाडेकरूंचा लढा उभा राहतो, सभा होतात, घोषणा होतात, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचें विडंबन मोठ्या बहारीनें रंगतें. आणि लढा कशासाठीं, तर बंद केलेल्या गच्चीसाठीं! वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतां एक गोष्ट विसरतो: गच्चीसाठीं तोच भांडतो ज्याला खोली जाण्याची भीति नसते. भाडें थकलें म्हणून एखाद्या कारकुनाचें बिऱ्हाड फूटपाथवर आलें, ही घटना त्या पुस्तकांत येती तर पुस्तकाचा सूरच मोडला असता. तो मोडत नाहीं, कारण त्या काळच्या मुंबईंत जुन्या भाडेकरूच्या बाबतींत तसें सहसा घडतच नव्हतें.

तें न घडण्याचें श्रेय १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याचें. महायुद्धाच्या काळांत शहरांत माणसांचे लोंढे आले, बांधकाम थांबलें, आणि मालकांनीं मागावें तें भाडें द्यावें लागेल अशी वेळ आली. तेव्हां सरकारनें प्रमाण भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविलें आणि नियमानें भाडें देणाऱ्यास घराबाहेर काढणें मालकास जवळजवळ अशक्य करून ठेविलें. कायदा म्हटला तर तात्पुरता होता. पण त्याची मुदत पुनःपुन्हां वाढत गेली व तो अर्धशतकाहून अधिक काळ जगला. पगार वाढले, धान्य महागलें, शाळेची फी वाढली, एक भाडें तेवढें जागच्या जागीं राहिलें. १९४० चें भाडें १९६० मध्यें देणारा गृहस्थ जवळजवळ मालकासारखाच होता. फक्त इमारतीची डागडुजी त्याच्या गळ्यांत नव्हती, आणि ती करण्याची हौस मालकालाही उरली नव्हती. इमारती गळूं लागल्या, सज्जे टेकूंवर उभे राहिले, आणि १९६९ मध्यें सरकारास उपकर बसवून एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचें काम अंगावर घ्यावें लागलें. चाळीच्या वाङ्मयांतील ती सुप्रसिद्ध ऊब, तो जिव्हाळा, तें पिढ्यान्‌पिढ्यांचें शेजारपण ह्या स्थिर भाड्याच्या पायावर उभें होतें. शेजारी तीस वर्षें तोच राहिला म्हणून जिव्हाळा वाढला. आणि तो तीस वर्षें राहिला, कारण दुसरीकडे जाणें त्याला परवडण्यासारखें नव्हतें.

येथें आमच्याविषयीं गैरसमज होऊं नये. कायदा वाईट होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबईंत भाडेबंदीचा असाच एक कायदा करावा लागला होता, आणि तो नसता तर गिरण्यांच्या भोवतालच्या गल्ल्यांतून काय अनर्थ झाला असता, ह्याची कल्पनाच करावी. प्रश्न एवढाच कीं, ज्यांच्या नांवें पावती होती त्यांना कायद्यानें संरक्षण दिलें. ज्यांच्या नांवें ती नव्हती त्यांचें काय झालें? भाड्यानें द्यावयाच्या खोल्या बाजारांत येईनाशा झाल्या. जुनी खोली हवी तर पागडी मोजा, नाहीं तर कोणाच्या तरी पोटांत शिरून राहा. हा पोटभाडेकरू बहुधा चाळीच्या विनोदांत येत नाहीं. आलाच तर जिन्यावर झोपलेला गडी, खांद्यावर पाटी घेतलेला हमाल, खानावळींतला एक चेहरा, एवढ्यापुरता येतो. आणि तो कोठला असतो, हें विचारलें तर उत्तर फार वेळां आमच्याच मुलखाकडे बोट दाखवितें: पाटण, कऱ्हाड, वाळवें, शिराळा, पन्हाळा, शाहूवाडी.

शिराळ्याचें नांव बाहेरच्या जगास नागपंचमीमुळें माहीत. त्यापलीकडे हा सह्याद्रीच्या पायथ्याचा, मोरणा व वारणा या नद्यांच्या खोऱ्यांतला मुलूख आहे. पश्चिमेकडे पाऊस भरपूर, पण जमिनीचे तुकडे लहान आणि डोंगरउतारावरचे. घरटी एक माणूस मुंबईला, ही रीत येथें कित्येक पिढ्या चालली. गिरण्यांत, गोदींत, मसजिद बंदरच्या गोदामांत हा माणूस राबला. माथाडी कामगारांत सातारा-सांगलीकडचा भरणा किती मोठा आहे, हें सर्वश्रुत आहे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो अशाच माणसांच्या संघटनेच्या बळावर. त्यापूर्वीं त्यांतील पुष्कळांचें घर म्हणजे ज्या गोदामांत दिवसा पोतीं वाहिलीं, त्याच्याच ओट्यावर रात्रीं टाकलेली सतरंजी असे.

ह्याहून किंचित बरी सोय म्हणजे गांवकीची खोली. गिरणगांवांत एका गांवच्या माणसांनीं मिळून एक खोली धरावयाची, पावती कोणा वडीलधाऱ्याच्या नांवें, आणि वीस-पंचवीस जणांनीं आपापला वांटा द्यावयाचा. भिंतीशीं ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे. रात्रपाळीचा माणूस सकाळीं येतो तेव्हां दिवसपाळीचा उठून गेलेला असतो. त्याच्याच वळकटीच्या जागीं दुसऱ्याची वळकटी पसरते. जेवण खानावळवालीकडे. हिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा इतकी ही बाई गिरणगांवच्या अर्थव्यवहारांत महत्त्वाची होती. महिनाभर उधारीवर जेवूं घालून पगाराच्या दिवशीं पैसे घेणारी ती एक चालती पेढीच म्हणावयाची. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनीं गिरणगांवांतील माणसांच्या तोंडून जमविलेल्या आठवणींचा इंग्रजी ग्रंथ २००४ सालीं निघाला. त्यासारख्या कामांतून ह्या जीवनाचे तपशील आतां आपणांस वाचावयास मिळतात. ललित वाङ्मयांत ते त्या मानानें तुटपुंजे आहेत. मामा वरेरकरांनीं ‘धावता धोटा’ लिहून गिरणींत पाऊल टाकलें, ह्याचें ऋण मान्य करूनही असें म्हणावें लागतें कीं, संपाच्या सभेंत आणि गिरणीच्या फाटकाशीं आमचे लेखक जितके रमले, तितके त्या वळकट्यांच्या खोलींत रमले नाहींत.

ह्या खोलींत स्त्री नाहीं, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९२१ च्या शिरगणतींत मुंबई शहरांत दर हजार पुरुषांमागें स्त्रियांची संख्या निम्म्याहून थोडीशीच अधिक भरली होती. नव्वद वर्षांनीं, २०११ च्या जनगणनेंत, मुंबई शहर जिल्ह्यांत ती ८३२ आहे, आणि तिकडे रत्नागिरी जिल्ह्यांत ११२२. हे दोन आंकडे समोरासमोर ठेविले म्हणजे एका खोलीचा दरवाजा अर्धा इकडे व अर्धा तिकडे उघडतो, असें वाटतें. खोली पुरेशी मोठी असती, किंवा भाडें पुरेसें लहान असतें, तर हे आंकडे असे नसते.

सरकारनें खोल्या बांधल्या नाहींत असें नाहीं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडण्यांत आला. कापसाच्या गांठीमागें एक रुपया जकात बसवून पैसा उभारावयाचा ठरला, आणि वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. ह्याच त्या बी. डी. डी. चाळी. खोली १६० चौरस फुटांची, भिंती सिमेंटच्या, मजल्यावर सामाईक मोऱ्या. सोळा हजारांवर खोल्या झाल्या, आणि त्यांतील पुष्कळशा वर्षानुवर्षें रिकाम्या पडल्या! कामगाराला भाडें झेपेना आणि वरळी गिरण्यांपासून दूर पडे. पुढें १९३० च्या सत्याग्रहांत सरकारला तुरुंग अपुरे पडूं लागले, तेव्हां वरळीच्या ह्या रिकाम्या चाळींत सत्याग्रही कैदी ठेवण्यांत आले. कामगारांसाठीं बांधलेलें घर प्रथम भरलें तें कैद्यांनीं, ह्या एका घटनेंत एक नाटक दडलेलें आहे. आमच्या एकाही नाटककारानें तें उचललें नाहीं, ह्याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. त्याच सुमारास, १९२३ ते १९३४ ह्या काळांत, व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेनें श्रीमंतांवर कर बसवून साठ हजारांहून अधिक घरें बांधलीं, आणि त्यांचें भाडें कामगाराच्या मजुरीच्या अगदीं अल्प हिश्शांत बसविलें. तुलना करावयास मुंबई परतंत्र होती हें खरें. पण भाडें आधीं ठरवावें कीं भिंत, हा विवेक करावयास स्वातंत्र्य लागत नाहीं.

आतां अण्णा भाऊ साठे यांच्याकडे वळतों. कारण ह्या सगळ्या प्रश्नाच्या तळाशीं बसून लिहिणारा लेखक आमच्या मुलखानें दिला तो हा. शिराळ्याच्या शेजारच्या वाळवें तालुक्यांतलें वाटेगांव हें त्यांचें जन्मगांव. जन्म १ ऑगस्ट १९२०. कोवळ्या वयांत कुटुंबाबरोबर ते पायीं चालत मुंबईस आले. शाळेचें तोंड जेमतेम पाहिलेलें. पुढें घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टींत दीर्घकाळ मुक्काम. ‘फकिरा’ (१९५९), ‘वैजयंता’, ‘वारणेचा वाघ’, शेंकडों पृष्ठांच्या कथा, लावण्या, लोकनाट्यें हें सारें वाङ्मय ज्या जागेंत बसून लिहिलें गेलें, ती जागा आमच्या कोणत्याही प्राध्यापकानें अभ्यासिका म्हणून मान्य केली नसती.

ह्या लेखकाची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही रचना महाराष्ट्रांत घरोघर पोंचली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत ती गाजली, आणि तेव्हांपासून टीकाकार तिचा अर्थ एकाच रीतीनें लावीत आले: मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला सीमाभाग, आणि विरह म्हणजे भाषेचा विरह. हा अर्थ कवीनेंच सुचविलेला आहे, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु रूपकाच्या घाईंत आम्ही मूळचा साधा अर्थ हरवून बसलों, असें आम्हांस वाटतें. मैना गांवावर कां राहिली? तिचा नवरा निष्ठुर होता म्हणून नव्हे. मुंबईंत तिला ठेवण्यास खोली नव्हती म्हणून. रूपक उभें राहण्यापूर्वीं तेथें एक भाडें उभें आहे, आणि तें ज्याला परवडत नाहीं अशा माणसाच्या तोंडीं तें गाणें आहे. सीमाभागाचें दुःख समजावयास श्रोत्याला नकाशा लागला असेल. बायको गांवीं ठेवून आल्याचें दुःख समजावयास गिरणगांवांतल्या श्रोत्याला कांहींच लागलें नाहीं. त्या गाण्याची विलक्षण पकड ह्या दुसऱ्या दुःखांतून आली आणि पहिल्याला तिनें उचलून धरलें, असा आमचा अंदाज आहे. ‘मुंबईची लावणी’तही हाच डोळा दिसतो. मलबार हिलची उंची आणि कष्टकऱ्यांची राहणी त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेविली. उपदेश न करतां केवळ पत्ता सांगून काम भागविलें.

तथापि अण्णा भाऊंच्या बाजूनें बोलतांना त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीं तर ही टीका न राहतां आरती व्हावयाची. वारणेच्या खोऱ्यांतील बंडखोर, त्यांचे घोडे, त्यांच्या तलवारी, डोंगरांतल्या वाटा रंगवितांना त्यांच्या लेखणीला जो आवेश चढतो, तो चिरागनगरचें वर्णन करतांना टिकत नाहीं. ‘चिरागनगरची भुतं’ मधील माणसें खरीं आहेत, भाषा खरी आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं लेखकाला गोष्ट संपविण्याची घाई झाली आहे. ज्या खोलींत आपण राहतों तिच्यावर कादंबरी लिहिण्यास जें अंतर व जी उसंत लागते, ती त्यांना कधीं मिळालीच नाहीं. आयुष्याच्या अखेरीस गोरेगांवच्या सिद्धार्थनगरांत त्यांना सरकारनें घर दिलें. तेथेंच १८ जुलै १९६९ रोजीं ते वारले. दारावर स्वतःचें नांव असलेलें घर त्यांना लाभलें तें लिहिण्याचे दिवस सरल्यावर.

त्यांच्यानंतर झोपडपट्टी मराठी कादंबरींत आली ती जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ मधून (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिक यांच्या ‘माहीमची खाडी’ मधून (१९६९). दोन्ही कादंबऱ्या सहृदय आहेत. परंतु त्या वस्तीकडे बाहेरून आलेल्या डोळ्यांनीं पाहतात, आणि बाहेरून येणाऱ्या डोळ्याला घाण आधीं दिसते, भाडें मागाहून. झोपडीलाही भाडें असतें, तीही कोणी तरी कोणाला विकतो, तिच्याही मालकीवरून खून पडतात, हा व्यवहार वाचकाच्या मनावर ठसत नाहीं. वास मात्र ठसतो.

भाड्याच्या खोलीचें खरें मोल मराठी रंगभूमीवर दिसलें, तें खोलीखेरीज माणसाजवळ कांहीं उरलें नाहीं तेव्हां. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसें कामाबाहेर पडलीं, आणि पुष्कळांच्या बाबतींत तीं पुन्हां आंत गेलींच नाहींत. आमच्या तालुक्यांतल्या खेड्यांत त्या वर्षीं एस.टी.च्या गाड्या भरून माणसें परत आलीं. जमीन होती तेवढीच होती, खाणारीं तोंडें वाढलीं. जीं कुटुंबें मुंबईंतच राहिलीं, त्यांचें नाटक जयंत पवार यांचें ‘अधांतर’ (१९९७). एक लेखनाच्या स्वप्नांत, एक गुंडगिरीच्या वाटेवर, घरांतली मिळकत बंद, आणि मध्यभागीं सारें सांवरूं पाहणारी आई. ह्या नाटकाचें नेपथ्य म्हणजे चाळींतील एकच खोली. आणि हें नेपथ्य रंगभूमीच्या सोयीसाठीं नाहीं, त्या कुटुंबाच्या गैरसोयीसाठीं आहे. तेथें कोणाला रागावून बाहेर पडावयाचें तर जाण्यास दुसरी खोलीच नाहीं. माणसें एकमेकांना इतकें टोंचून बोलतात, ह्याचें निम्में कारण त्यांचे स्वभाव आणि निम्में त्या खोलीचें क्षेत्रफळ. पु. लं.च्या चाळींत भिंत पातळ असल्यामुळें शेजाऱ्याचें बोलणें ऐकूं येतें व आपण हंसतों; पवारांच्या चाळींत भिंतीच्या आंतलेंच बोलणें ऐकवत नाहीं. दोन्हीं चाळी एकाच शहरांतल्या, कदाचित् एकाच कायद्याखालच्या. फरक इतकाच कीं, एकींत महिन्याचा पगार येतो आहे.

ह्यापुढची गोष्ट अजून लिहिली गेलेली नाहीं, आणि ती शिराळ्यांत राहून आम्हांस रोज ऐकूं येते. १९४७ च्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ यानें घेतली. भाड्यांत दरसाल चार टक्के वाढ करण्याची मालकास मुभा मिळाली, आणि पागडी, जी इतकीं वर्षें काळोखांत दिली-घेतली जात होती, ती कायद्यानें मोकळी झाली. मग पुनर्विकास आला. त्या वरळीच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागीं ५०० चौरस फुटांचीं घरें उभीं राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें पहिल्या साडेपांचशेंहून अधिक कुटुंबांना त्यांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या खोलीकरितां आजोबांनीं महिना कांहीं रुपये मोजले, तिच्या जागीं नातवाच्या हातीं कोटीच्या घरांत जाणारी मिळकत आली. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु पावती एकाच्या नांवावर असते आणि घाम अनेकांचा. थोरल्यानें खोली सांभाळली, धाकट्यानें गांवाकडचें शेत; थोरल्याचीं पोरें धाकट्याच्या धान्यावर वाढलीं, धाकट्याच्या मुलीचें लग्न थोरल्याच्या पगारांतून झालें. आतां खोलीची किंमत झाली आणि शेताची नाहीं. कोर्टांत जावें तर कायदा पावतीवरचें नांव वाचतो. गांवकीच्या खोल्यांचें तर विचारूंच नये: पंचवीस वळकट्यांपैकीं घर कोणत्या वळकटीला द्यावयाचें?

हा विषय महाकादंबरीचा आहे, असें आम्ही अतिशयोक्ति न करतां म्हणतों. त्यांत भाऊबंदकी आहे, जी मराठी लेखकाला नेहमींच साधते. शहर आणि गांव आहे. आणि मुख्य म्हणजे त्यांत कोणी खलपुरुष नाहीं. तरी तो लिहिला जात नाहीं, ह्याचें कारण आमच्या वाङ्मयाची जुनी वांटणी. चाळ ‘शहरी’ लेखकाकडे गेली, शेत ‘ग्रामीण’ लेखकाकडे. ग्रामीण कथेंत घर म्हणजे वडिलोपार्जित वाडा किंवा गळकें छप्पर. भाड्याचें घर तेथें असूंच शकत नाहीं, अशी समजूत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) मध्यें परगांवचा तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. त्याच्या निवाऱ्याचा प्रश्न व्यवहाराचा नसून विश्वासाचा आहे. गांवानें त्याला आपलें म्हटलें कीं प्रश्न सुटला. त्या काळीं तें खरेंही असेल. आज शिराळ्यांत बदलून आलेला शिक्षक, बँकेंतला कारकून, औद्योगिक वसाहतींतला कामगार, कॉलेजांत शिकणारीं आजूबाजूच्या वाड्यांतलीं मुलें, हीं सारीं भाड्यानें राहतात, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. अकरा महिने कां, तर वर्षाच्या करारास नोंदणी लागते अशी जुनी समज. १९९९ च्या कायद्यानें प्रत्येक करार लेखी व नोंदलेला असावा असें सांगितलें, तरी अकराचा आंकडा लोकांच्या अंगवळणीं पडला तो पडला. त्यामागची भीति मात्र १९४७ चीच आहे: भाडेकरू एकदां आंत शिरला कीं निघत नाहीं. ह्या भीतीनें देशभर किती घरें कुलुपांत पडलीं, ह्याचा अंदाज केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणींतून येतो. शहरांत भाड्यानें राहणाऱ्या कुटुंबांचें प्रमाण १९६१ मध्यें शेंकडा ५४ होतें, तें २०११ मध्यें २८ वर आलें. आणि एकट्या मुंबईंत रिकाम्या घरांची संख्या सुमारें ४ लाख ८० हजार भरली.

शिराळ्याचीं कुलुपें ह्या आंकड्यांत नाहींत. तीं वेगळीं आहेत. नागपंचमीच्या आधीं दोन दिवस गल्लींतून फिरावें. एरव्हीं बंद असलेलीं दारें उघडतात, मुंबईकर उतरतात, ओसरीवरची धूळ झाडली जाते. आमच्या परिचयाच्या एका घरीं वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या एका शिक्षक दांपत्यास दिल्या आहेत. तें भाडें घरांतली म्हातारी आपल्यापाशीं ठेवीत नाहीं. घणसोलीस राहणाऱ्या मुलाकडे पाठविते, कारण त्याच्या एका खोलीचें भाडें त्याच्या पगारास झेपत नाहीं. शिक्षकाचें स्वतःचें घर दुसऱ्या तालुक्यांत आहे, तेंही त्यानें कोणाला तरी दिलें आहे. मुलाचा घणसोलीचा मालक मूळचा पाटणकडचा माथाडी. त्याचा बाप मसजिद बंदरच्या ओट्यावर झोपत असे. एका भाड्याची ही वाट शिराळ्याहून निघून घणसोलीपर्यंत जाते, आणि वाटेंत भेटणारा प्रत्येक जण एका दारीं मालक असून दुसऱ्या दारीं भाडेकरू आहे. म्हातारीनें हा सारा हिशेब एका वहींत लिहून ठेविला आहे, आणि तो आमच्या पाहण्यांतल्या पुष्कळ कथासंग्रहांहून वाचनीय आहे.

ह्या वहीच्या जवळ जाणारें एखादें मराठी पुस्तक आमच्या नजरेंतून सुटलें असणें अशक्य नाहीं. कोणा वाचकाच्या तें पाहण्यांत असल्यास त्यांनीं अवश्य कळवावें. त्याचें परीक्षण पुढील एखाद्या अंकांत आम्ही आनंदानें करूं.